पोळा फुटला, दोर सुटला

मित्रांनो, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. मी कोंबड्या झाकायचा डाला नाही. परतवाड्यातल्या एका बिछायत केंद्राच्या मागे, टिनाच्या शेडखाली मी पडून आहे. बिछायत केंद्र म्हणजे लग्नकार्याला मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने देणारं दुकान. खुर्च्या न्यायला येणारे लोक मला पायाने बाजूला सारतात आणि विचारतात, एवढा मोठा डाला कोणाचा आहे? अस्सा राग येतो म्हणून सांगू! पण बांबूला तोंड नसतं, म्हणून गप्प बसतो. आज मात्र बोलणार आहे.

मी फुग्याचा पाळणा आहे. माणसं माझ्यात उभी राहतात, डोक्यावरच्या मोठ्या कापडी फुग्यात गरम हवा भरतात आणि फुगा आम्हाला सगळ्यांना घेऊन वर जातो. मी आता जुना झालो आहे. माझा एक कोपरा मोडला आहे आणि काठावर जळाल्याचा काळा डाग आहे. पण मी चिखलदऱ्याच्या दऱ्या वरून पाहिल्या आहेत, अकोल्याच्या कृषी प्रदर्शनातली गर्दी वरून पाहिली आहे. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली, सांगा बरं?

माझी गोष्ट सांगायची तर आधी या दुकानाच्या मालकांची, भगवंतजींची, सांगावी लागेल. त्यांच्याशिवाय मी खरोखरच कोंबड्यांवर पालथा पडलो असतो.

भगवंतजी मंडपवाल्याच्या घरात जन्मले. मिसरूड फुटायच्या वयात ते वडिलांबरोबर धामणगाव रेल्वे या गावी एका लग्नाचा मंडप टाकायला गेले होते. वैशाख महिना होता. जेवणाच्या पंगती बसल्या आणि वावधन सुटलं. आमच्याकडे वादळाला वावधन म्हणतात. मंडपाच्या कापडात वारा भरला, खुंट्या उपटल्या, आणि भगवंतजींनी जो दोर धरला होता तो दोर त्यांना घेऊनच वर उठला. घराच्या छपराएवढे वर गेले, आणि मग उकिरड्यावर येऊन पडले. वऱ्हाडी लोक ओरडत होते, वडील कपाळ धरून बसले होते, वरमाय फाटक्या मंडपाकडे पाहून रडत होती. आणि हा बाबा उकिरड्यात बसून वर पाहत होता. पुढे ते सांगायचे, की त्या वेळी मनात एकच विचार आला, हे परत कसं करता येईल.

तेव्हापासून गावाने त्यांचं नाव बयाडा पाडलं. बयाडा म्हणजे वेडा. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यांना नुसतं वर जायचं नव्हतं. वर जाऊन हवं तिकडे वळायचं होतं आणि जिथून निघालो तिथेच परत उतरायचं होतं. इंग्रजीत अशा लांबट फुग्याला एअरशिप म्हणतात. भगवंतजी त्याला नुसतं जहाज म्हणायचे. पहिलं जहाज त्यांनी मंडपाच्या जुन्या कापडातून केलं. खाली स्वयंपाक्यांच्या भट्टीचा बर्नर आणि मागे पंखा. पंख्याला इंजिन कशाचं, तर संत्र्याच्या बागेत औषध फवारायच्या पंपाचं. ते जहाज दुकानाच्या आवारातून कमरेएवढं उचललं, मधोमध वाकलं आणि खुर्च्यांच्या ढिगावर जाऊन बसलं. बघे पोट धरून हसले. भगवंतजींना मात्र कळलं, की आपल्याला अजून हवाच कळलेली नाही. आधी गोल फुगा करू, त्यात बसून हवा शिकू, मग जहाज.

गोल फुग्याला पाळणा हवा, म्हणून ते गंगूबाईंकडे गेले. गंगूबाई परतवाड्यातल्या बुरूड. मेळघाटचा बांबू चिरून त्या सुपं, टोपल्या, डाले विणायच्या. भगवंतजींनी हाताने माप दाखवलं, छातीएवढी उंची, दोन माणसं उभी राहतील एवढा घेर. गंगूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एवढ्या मोठ्या कोंबड्या कोनाच्या हाय, भाऊ?"

भगवंतजी म्हणाले, माणसं बसवायची आहेत. गंगूबाई हसल्या नाहीत. हे लक्षात ठेवा मित्रांनो, त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोवळा बांबू नाकारला, जून बांबू निवडला, कामट्या भिजत घातल्या आणि मला विणलं. आठ दोर माझ्या तळाखालून आरपार घेतले, म्हणजे बूड निसटायची भीती नको. देताना त्यांनी भगवंतजींना बजावलं, "बांबू सुकला का मोडते. उडवाच्या पयले याले पानी मारत जाय." भगवंतजींनी मान डोलावली. ही गोष्ट पुढे फार महागात पडणार होती, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

फुगा शिवला माणिकबाईंनी. माणिकबाई म्हणजे भगवंतजींच्या पत्नी. शिलाई मशीनवर लग्नाच्या झालरी शिवता शिवता त्यांचा हात असा बसला होता, की कापड त्यांच्याशी वाद घालत नसे. छत्रीसारखं हलकं कापड आणलं होतं. भगवंतजी कापून द्यायचे, त्या शिवायच्या. सगळं घर कापडाने भरलं होतं, चूल मांडायलाही जागा राहिली नव्हती. फुग्याच्या टाळूला एक मोठी झडप ठेवली होती. लाल दोरी ओढली की झडप उघडते, गरम हवा निघून जाते आणि फुगा खाली येतो. ती झडप माणिकबाईंनी तीनदा उसवून तीनदा शिवली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. पण पहिला टाका घालायच्या आधीच त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की शिवून देईन, पण त्यात बसणार नाही.

आणि त्या बसल्या नाहीत. कितीतरी वर्षं बसल्या नाहीत.

आमचे ते दिवस मजेचे होते. सरकारी परवानगी होती ती दोर बांधून उडायची. जमिनीवर ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला जाड दोर, दोराच्या वरच्या टोकाला मी. जत्रेत, शाळेच्या मैदानावर, चिखलदऱ्याच्या महोत्सवात आम्ही लोकांना वर न्यायचो आणि खाली आणायचो. खाली परतवाड्याजवळच्या, भगवंतजींच्या मूळ गावचे शेतकरी दोर सांभाळायला असायचे. वर गेल्यावर मोठमोठी माणसं माझा काठ घट्ट धरून देवाचं नाव घ्यायची आणि खाली उतरल्यावर म्हणायची, आपल्याला काही भीतीबिती वाटली नाही. मी सगळ्यांच्या गुडघ्यांची थरथर ओळखतो, मला काय सांगता? पण कौतुक व्हायचं. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता.

प्रत्येक उड्डाणाच्या आधी भगवंतजी माझ्यावर पाणी शिंपडायचे. मग एकेक गाठ स्वतः तपासायचे. गाठीच्या बाबतीत त्यांचा कोणावर म्हणजे कोणावर विश्वास नव्हता. मंडपवाल्याची सवय ती. भावाने मारलेली गाठसुद्धा सोडून परत मारायचे.

मग दुसरं जहाज झालं. हेही माणिकबाईंनीच शिवलं, काकडीसारखं लांब, आणि या वेळी त्याला मधोमध वाकू न देणारा बांबूचा कणा दिला. एका हिवाळ्यात सकाळी वारा अगदी पडला होता. मला जहाजाखाली बांधलं. लोंबता दोर धरून माणसं खालून चालत होती. भगवंतजींनी पंखा सुरू केला आणि आम्ही हरभऱ्यावरून विहिरीपर्यंत गेलो, विहिरीला वळसा घातला आणि जिथून उठलो होतो त्याच धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, उतरलो. बस, एवढंच. पण भगवंतजी माझ्यातून उतरले आणि ढेकळात मटकन बसले. डोळे पुसत होते. त्यांनी माणिकबाईंना म्हटलं, आता तरी बस, आता तर परतही आणता येते. माणिकबाईंनी त्यांना चहा दिला आणि मान हलवून नाही म्हटलं.

आता त्या पोळ्याची गोष्ट.

त्या वर्षी गावाने हट्ट धरला, की पोळ्याच्या दिवशी फुगा तोरणाच्या वर उभा राहिला पाहिजे. जहाज मोठं पडलं असतं, म्हणून गोल फुगा न्यायचं ठरलं. पावसाने मधेच दडी मारली होती. आभाळ कोरडं, उन्हाचा चटका. मी उन्हाळ्यापासून या टिनाखाली तापत होतो. पोळ्याच्या सकाळी गावात नुसती धांदल. बैलांना नदीवर आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झुली. भगवंतजींनी भावाच्या बैलजोडीच्या शिंगांना स्वतः बेगड लावली. बैलांना आंघोळ घातली, आणि मला ओंजळभर पाणी नाही. विसरले. कधी नव्हे ते विसरले.

दुपार कलल्यावर बैल तोरणाखाली जमू लागले. तुम्ही शहरातली मुलं असाल तर सांगतो. आमच्याकडे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्याखाली सगळ्या गावच्या बैलजोड्या ओळीने उभ्या करतात. मग जाणती माणसं झडत्या म्हणतात, म्हणजे बैलांची, शेताची, गमतीची कवनं. प्रत्येक झडतीच्या शेवटी हर हर महादेवचा गजर होतो. शेवटच्या झडतीचा गजर झाला, की तोरण तुटतं, हातातले कासरे सुटतात आणि बैल धावत निघतात. त्याला पोळा फुटला म्हणतात. गावातल्या प्रत्येक माणसाने हे लहानपणापासून केलेलं असतं.

आम्ही तोरणाच्या अलीकडे, कडुनिंबाच्या झाडाजवळ होतो. नेहमी माझा दोर ट्रॅक्टरला बांधत. पण ट्रॅक्टरलाही त्या दिवशी धुऊन, हार घालून बैलांच्या ओळीत उभं केलं होतं. आज त्याला कामाला लावायचं नाही म्हणे. म्हणून दोराचा वेढा कडुनिंबाच्या बुंध्याला घातला आणि मोकळं टोक गावच्या माणसांनी धरलं. तीच नेहमीची, सरावलेली माणसं. भगवंतजींनी त्यांना सांगितलं होतं, मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

बायका जमल्या होत्या. वर जायची सगळ्यांनाच हौस, पण पाऊल कोणी उचलेना. शेवटी एकीने सरळ म्हटलं, जिने शिवला ती स्वतः बसत नाही, मग आम्ही कशा बसायच्या? माणिकबाईंना ते झोंबलं. त्यांनी पदर खोचला आणि कोणाचा हात न धरता माझ्यात चढल्या. त्यांचा भार पहिल्यांदाच माझ्यावर पडला. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

भगवंतजी त्यांच्याशेजारी उभे होते. फुगा दोघांच्या वजनाला पुरेल एवढा तापला होता आणि दोर ताणून धरत होता. तेवढ्यात भगवंतजींची नजर बुंध्याकडे गेली. वेढा एकच होता. त्यांना दोन वेढे लागायचे. त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर? पण गाठ आणि वेढा ते दुसऱ्यावर सोपवणार? आत्ता आलो म्हणाले आणि काठावरून उडी मारून उतरले. ते उतरताच माझ्यातलं वजन निम्मं झालं, आणि दोर कचकचून ताणला गेला.

त्याच वेळी तोरणाजवळ नत्थुजी उभे राहिले. नत्थुजी गावातले सगळ्यात वयस्कर शेतकरी, शेवटची झडती त्यांची असायची. त्यांनी झडती म्हटली. खणखणीत आवाजात शेवटचा गजर दिला. सगळ्या गावाने हर हर महादेव म्हटलं. आणि ज्या हातांनी आयुष्यभर हा गजर ऐकून कासरा सोडला होता, त्या हातांनी माझाही दोर सोडला.

कोणी मुद्दाम केलं नाही, मित्रांनो. हात आपोआप उघडले. तोंडाने अजून गजर चालूच होता.

दोर बुंध्यावरून सर्रकन घसरला. भगवंतजी बुंध्यापाशीच वाकले होते. त्यांनी सरकता दोर दोन्ही हातांनी पकडला, आणि दोर त्यांना घेऊन वर उठला. धामणगावला उठला होता तसाच.

खाली बैल धावत होते, धूळ उडत होती, लोक वर बोट दाखवून ओरडत होते. आम्ही तोरणाच्या वरून, देवळाच्या कळसाच्या बाजूने निघालो. वारा आम्हाला गावाबाहेर नेत होता. माणिकबाईंनी काठावरून खाली पाहिलं. दोराच्या टोकाशी त्यांचा नवरा लोंबकळत होता, आणि त्याच्या पायाखाली कपाशीची शेतं सरकत होती. त्यांनी माझा काठ इतका घट्ट धरला, की माझी एक कामटी कुरकुरली.

तुम्ही म्हणाल, खाली का नाही उतरल्या लगेच? माणिकबाईंनी चालवायला कधी घेतलंच नव्हतं. शिवला त्यांनी, पण आगीची चावी कधी फिरवली नव्हती. आणि बर्नर चालू केला की त्याच्या आवाजात खालचं काही ऐकू येत नाही. बंद केला तर ऐकू येतं, पण फुगा थंड होऊन खाली जातो. भगवंतजी खालून काहीतरी ओरडत होते. दोर हळूहळू फिरत होता, तसे तेही फिरत होते, कधी तोंड गावाकडे, कधी शेताकडे.

माणिकबाईंना आधी समोरचं दिसलं. नाल्याच्या पलीकडे विजेची मोठी लाईन होती. उंच लोखंडी खांब, त्यांच्यावर तारा. आम्ही सरळ तिकडे चाललो होतो. भगवंतजींची त्या क्षणी पाठ होती, त्यांना तारा दिसत नव्हत्या. आता खाली उतरावं, तर नवरा तारांत. वर जावं, तर जो माणूस नुसत्या हातांच्या जोरावर लोंबतो आहे त्याला आणखी उंच न्यायचं. आणि हात सुटले तर?

माणिकबाई ठेंगण्या. चावीपर्यंत हात पोचेना. त्या गॅसच्या सिलिंडरवर चढल्या आणि चावी पूर्ण फिरवली. जाळ भपकन वर गेला. आम्ही उठलो. बाभळी खाली गेल्या, नाला खाली गेला. मी दोराकडे लक्ष ठेवून होतो. दोराचा ताण मला आठही ठिकाणी कळतो. भगवंतजींनी दोराचा वेढा मांडीला आणि पायाला घातला, मंडपाच्या उंच खांबावर चढताना घालतात तसा. मग दोराचं खालचं शेपूट पायाने वर ओढून घेतलं, कारण तोवर त्यांनाही तारा दिसल्या होत्या. तारांचा गुणगुण आवाज मला ऐकू आला. आम्ही तारांवरून गेलो. किती वरून गेलो ते विचारू नका. मी श्वास रोखून होतो. बांबूला श्वास असतो, हसू नका.

तारा मागे पडल्या. माणिकबाईंनी चावी उलटी फिरवून जाळ अगदी बारीक केला. एकदम सगळं शांत झालं. खालून भगवंतजींचा आवाज आला, पण शब्द फुटत नव्हते. त्यांचे हात संपले होते. दोर थोडा थोडा घसरत होता, आणि घसरला की माझ्या तळाला हिसका बसत होता. माणिकबाईंनी लाल दोरी धरली. ही दोरी, ही झडप त्यांनी स्वतः तीनदा शिवली होती. थोडी ओढली, सोडली. पुन्हा ओढली. फुगा खाली झुकू लागला. कपाशी जवळ आली. भगवंतजींचे पाय झाडांना लागले, मग मातीला लागले.

आता वाचले, असं मला वाटलं. माणिकबाईंनाही वाटलं. त्या वाकून ओरडल्या, "सोडा आता. सोडा तो दोर, मी येते मागून."

भगवंतजी पाय टेकवत, धडपडत, ओढले जात होते. त्यांनी मान वर केली. "मी सोडला तं तू वर जाशीन," ते म्हणाले. "लाल दोरी ओढ. पुरी ओढ."

खरं होतं ते. फुगा दोघांच्या वजनाचा होता. त्यांनी दोर सोडला असता तर ते वाचले असते, आणि माणिकबाई एकट्या परत आभाळात गेल्या असत्या, पुढच्या वाऱ्यावर, पुढच्या तारांवर. म्हणून जमिनीवर पाय असूनही तो माणूस दोर सोडेना. वारा आम्हाला ओढत होता आणि ते कोरड्या ढेकळांतून, कपाशीच्या झाडांतून पोटावर फरफटत होते. त्यांच्या तळहातांची साल निघत होती. दोर लाल होत गेला, ते मी पाहत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

माणिकबाईंनी दोन्ही हातांनी लाल दोरी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढली. झडप पूर्ण उघडली. फुगा वरून बसत गेला आणि मी वेगाने खाली आलो. धुऱ्यावर एक बाभूळ होती. भगवंतजी तिच्याजवळून ओढले गेले तेव्हा त्यांनी दोर बुंध्याभोवती फेकला. एक वेढा. मग त्याच सोललेल्या हातांनी दुसरा. जो वेढा घालायला ते माझ्यातून उतरले होते, तो त्यांनी इथे घातला. आणि दोर थांबला.

मी धुऱ्यावर आदळलो. ओला असतो तर वाकलो असतो, दबलो असतो, आणि परत उभा राहिलो असतो. कोरडा होतो. माझा कोपरा काडकन मोडला आणि माणिकबाई त्या मोडक्या कोपऱ्यातून बाहेर फेकल्या गेल्या. त्यांचा डावा हात अंगाखाली सापडून मोडला. बर्नर कलंडला होता, विझायच्या बेतात असलेली त्याची लहानशी ज्योत माझ्या काठाला लागली. माणिकबाई रांगत आल्या आणि उजव्या हाताने चावी आवळून बंद केली. मग त्या तशाच बाभळीकडे रांगत गेल्या.  गाव पळत येईपर्यंत दोघं बुंध्याला टेकून बसले होते, आणि भगवंतजींच्या हातातला दोर सोडवायला माणसांना एकेक बोट उघडावं लागलं.

दोघांना अमरावतीला दवाखान्यात नेलं. माणिकबाईंचा हात जुळला. भगवंतजींचे तळहात भरले, पण बोटं पूर्ण मिटेनात. ओंजळ केली तर पाणी थांबत नाही. ज्या माणसाने दुसऱ्याची गाठ कधी खपवून घेतली नाही, त्याला आता स्वतःला गाठ मारता येत नव्हती.

नत्थुजींना कोणी बोल लावला नाही. पण त्यानंतर पोळ्याला त्यांनी झडती म्हटली नाही. आणि भगवंतजींनी फुगा घडी करून ठेवला, जहाज घडी करून ठेवलं, मला इथे टिनाखाली आणून टाकलं. लोक म्हणायचे, बायकोला हवेत सोडलं होतं यानं. भगवंतजींनाही तसंच वाटायचं. शेडकडे ते फिरकेनासे झाले. मला वाईट वाटायचं. सरळ सांगतो, फार वाईट वाटायचं. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली, फाटक्या सतरंज्या माझ्यात टाकल्या. आणि तो शब्द, डाला, तो तर रोजचाच झाला.

एक गोष्ट मात्र कोणाला माहीत नव्हती. दर उन्हाळ्यात, दुपारी दुकान सामसूम असताना, कोणीतरी तांब्या घेऊन यायचं आणि माझ्यावर पाणी शिंपडायचं. आतून बाहेरून, नीट. जाताना घडी केलेल्या कापडात वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवून जायचं. मी ओळखलं होतं कोण ते. डावा हात जरा अवघडलेला होता.

परवा जीवन आला. जीवन मागच्या गल्लीत कोंबड्या पाळतो, गरीब स्वभावाचा आहे. त्याने मला पाहिलं आणि भगवंतजींना विचारलं, हा डाला नेऊ का? भगवंतजींनी माझ्याकडे न पाहताच म्हटलं, ने, पडूनच आहे. जीवनने मला उलटं केलं आणि डोक्यावर घेतलं. उलटा! माझं बूड आभाळाकडे. मित्रांनो, मी धुऱ्यावर आदळलो तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

माणिकबाई दारात आल्या. "जीवन, खाली ठेव थो," त्या म्हणाल्या. "थो कोंबड्याइचा नोय."

जीवनने मला खाली ठेवलं. भगवंतजी म्हणाले, आता काय करायचं त्याचं? मोडका आहे.

माणिकबाईंनी माझ्या मोडक्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मले अजून एक खेप बसाचं हाय. त्या दिवशी मी साऱ्या वाटेनं तुमच्या हाताकडंच पाहून रायली होती. गाव पायलंच नाई मी."

भगवंतजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या उकिरड्यात बसून वर पाहणाऱ्या पोराचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. पण तो असाच असणार. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, न मिटणारे, आणि हळूच विचारलं, "गाठी कोन मारन?"

"मी मारन. वेढे दोन घालीन. आन् तुमी पाळण्यातून उतराचं नाई."

भगवंतजी आत गेले. बादली घेऊन आले. ओंजळीत पाणी राहत नव्हतं, म्हणून त्यांनी बादली मनगटांवर तोलली आणि पाणी माझ्यावर ओतलं. सगळं एकदम. जीवनचे पाय भिजले. मी चिंब झालो.

आता गंगूबाई आल्या आहेत. थकल्या आहेत, पण बांबू अजून त्याच चिरतात. माझ्या मोडक्या कोपऱ्यात हिरव्या कामट्या घालत आहेत आणि भगवंतजींना सुनावत आहेत, की पाणी मारायला सांगितलं होतं ना. घरातून शिलाई मशीनचा आवाज येतो आहे. या वेळी जायचं ते जहाजातून, म्हणजे जिथून निघू तिथेच परत उतरता येईल; त्याच्या कापडाला नवी झडप बसते आहे. माणिकबाईंनी ती दोनदा उसवली आहे, म्हणजे अजून एकदा उसवतील.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातली एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिच्यावर थोडं पाणी शिंपडून बघा, ती कशासाठी केली होती ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि कोणाचा दोर कधी तुमच्या हाती आला, तर कितीही मोठा गजर होवो, हात उघडण्याआधी मान वर करून पाहा, की त्या दोराच्या टोकाला कोण उभं आहे. आणि हो, परतवाड्याला आलात, तर मला पाळणा म्हणा.